तीनशे चार मिलिमीटरचा पाहुणा

२ मार्च

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद. आत्या फोन का करत नाही म्हणून फुगून बसू नकोस. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि फोन ठेवला की सगळं विसरतोस. कागदावर लिहिलेलं राहतं. तेव्हा तूही पत्रच लिही. तुझं अक्षर वाईट आहे हे मला तू पहिलीत असल्यापासून माहीत आहे, त्यामुळे ती सबब चालणार नाही.

आता कामाचं. आमच्या भागातलं वाचनालय एका गळक्या खोलीत आहे. त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेवर नवी इमारत बांधायची असं वाचनालयाच्या समितीनं ठरवलंय. दोन नकाशे समितीपुढे जाणार आहेत. एक एका मोठ्या कंपनीचा. दुसरा माझा. हसू नकोस. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, मी वाचनालय काढलं.

चोवीस एप्रिलला बैठक आहे. नुसता कागद चालणार नाही म्हणे. दारातून आत शिरल्यापासून सगळीकडे फिरून दाखवणारी फिल्म हवी. फिल्मचं तंत्र मला जमतं, अडलंय ते यंत्रापाशी. दोन वर्षांपूर्वी तू कंप्युटरच्या आतलं सगळं नवं घातलंस तेव्हापासून तो बरा चालतो, पण एका खोलीत ऊन कसं पडेल ते दाखव म्हटलं की माझं जेवण, भांडी आणि दुपारची झोप उरकते तरी अर्धी खिडकी काळीच असते. काहीतरी उपाय सांग.

अट एकच. खोका बदलायचा नाही. तो माझ्या टेबलाच्या पोटातल्या कोनाड्यात बसतो, तो कोनाडा मी स्वतः आखून करून घेतलाय, आणि खोलीत दुसरीकडे बोटभर जागा नाही.

आणखी एक सांगते, तुझ्या बाबाला सांगू नकोस, तो लगेच भाषण देईल. बत्तीस वर्षं मी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असूनही ड्राफ्ट्समनच म्हणायचे. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तुला लहानपणी दाखवली होती. तिच्यात वर "रचना" आणि खाली "रेखाटन". रेखाटनापुढे माझी आद्याक्षरं मी किती वेळा लिहिली असतील कोण जाणे. रचनेपुढे नेहमी दुसऱ्या कुणाचं नाव. या नकाशात ती वरची जागा मी रिकामी ठेवली आहे. समितीनं हो म्हटलं तरच तिथं लिहीन. मला तिथं माझं नाव लिहायचंय रे. एकदाच का होईना, पण लिहायचंय.

तुझी आत्या


१० मार्च

ती. आत्या,

खुर्चीत बसूनच, पण मनापासून नमस्कार. हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिलं मलाच वाचता येईना.

वाचनालयाचं वाचून मी इथं एकटाच टाळ्या वाजवल्या. शेजारच्यानं भिंतीवर ठोकलं. बाबांना सांगत नाही, शपथ.

तुझ्या दुखण्यावर औषध म्हणजे ग्राफिक्स कार्ड. चित्रं रंगवायचं काम तेवढं करणारं हे वेगळं यंत्र असतं, कंप्युटरच्या आत खाचेत बसवायचं. तुझ्या कंप्युटरात ते नाहीच, म्हणून बिचारा एकटा घाम गाळतोय. माझ्याकडे एक पडून आहे, ते पाठवतोय. सोबत जास्त ताकदीचा वीजपुरवठ्याचा डबाही आहे, कारण या गड्याचा खुराक मोठा आहे.

घोडं अडणार आहे ते जागेवर. हल्लीची कार्डं फुगलीत. तुझं कॅबिनेट, म्हणजे तुझा तो खोका, ज्या काळातला आहे त्या काळी कार्ड म्हणजे वहीएवढं असायचं. हे तीन पंख्यांचं धूड आहे. लांबी ३०४ मिलिमीटर. जाडी एवढी की तीन खाचांची जागा खाईल. कॅबिनेटच्या मागच्या भिंतीपासून पुढे पहिला अडथळा लागेपर्यंत किती जागा आहे ते मोजून कळव. मला तर वाटतं नवं कॅबिनेट घ्यावंच लागेल. आत्ताच ओरडू नकोस, आधी मोज.

कार्ड काळ्या पिशवीत आहे, बसवायची वेळ येईपर्यंत त्यातच राहू दे. बोक्याला लांब ठेव.

तुझा खटपट्या


१७ मार्च

चि. खटपट्यास,

पार्सल मिळालं. पुठ्ठ्याचा बोक्यानं ताबा घेतला, उरलेलं मला मिळालं. हे कार्ड आहे की विटांची चळत? हातात धरल्यावर मला वाटलं तू चुकून स्वयंपाकघरातलं काहीतरी पाठवलंस. तू सांगितलंस तसं पिशवीतच ठेवलंय.

खोका उघडला, पुसला आणि त्याचा रीतसर नकाशा काढला. सोबत जोडते आहे, दुमडू नकोस. अरे, हे तर छोटं घर आहे! माळ्यावर वीजपुरवठा राहतो. दिवाणखान्याच्या मधोमध प्रोसेसर आपला पंखा घेऊन ऐसपैस बसलाय. पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा पत्र्याचा पिंजरा आहे, त्यात वरच्या आणि खालच्या मजल्यावर एकेक डिस्क राहते, मधले मजले रिकामे. सगळ्यात वर सीडीचा कप्पा, तो कित्येक वर्षांत कुणी उघडलेला नाही.

मागच्या भिंतीपासून पिंजऱ्यापर्यंत जागा २६२. तुझा पाहुणा ३०४. म्हणजे पाहुणा झोपला की पाय दाराबाहेर. पण त्यासाठी घर पाडायचं नसतं. पिंजऱ्याच्या रिकाम्या मजल्यांवर पत्रा कापून मी पन्नास मिलिमीटर खोल कोनाडा करते. पाहुण्याचे पाय त्यात. २६२ आणि ५० मिळून ३१२, म्हणजे आठ मिलिमीटर मोकळे. त्याच्यापुढे एक आडवी पट्टी आहे, तिला हात लावत नाही, तिच्यावर अख्खा पिंजरा उभा आहे.

खालच्या कुलूपवाल्याकडून करवत आणि कानस आणली आहे. त्यानं विचारलं, काय कापायचंय? म्हटलं, कंप्युटर. तो करवत देता देता थांबला होता.

आता तू म्हणशील, आत्या, कार्ड बाहेर काढून एकदा पट्टी लाव. नाही लावणार. आमच्या ऑफिसच्या प्रत्येक नकाशाच्या तळाशी छापलेलं असायचं: लिहिलेलं माप धरावं, पट्टी लावून मोजू नये. कागद आकसतो, पट्टी झिजते, आकडा झिजत नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी नकाशावर पट्टी लावून भिंत मोजली, तर मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत पट्टी काढून घेतली होती. तेव्हापासून कानाला खडा. तू ३०४ लिहिलंयस ना, मग ३०४.

तुझी आत्या


२२ मार्च

ती. आत्या,

नकाशा भिंतीवर लावलाय. ऑफिसातल्या दोघांना दाखवला. एक म्हणाला, "हे घर भाड्यानं मिळेल का?"

हे पत्र पोचेपर्यंत तू कापलेलं असणार, तरी लिहितो. आधी आतलं सगळं बाहेर काढ, मगच करवत लाव. लोखंडाचा भुसा आत पडला तर कंप्युटर कायमचा झोपेल. कापलेल्या कडा कानशीनं घास, हात कापून घेऊ नकोस. डिस्कमधल्या नकाशांची दुसरी प्रत काढून ठेव.

आणि बसलं की लगेच कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझा खटपट्या


२८ मार्च

चि. खटपट्यास,

कार्ड लागलं. चित्रं भराभर होतात. ज्या खिडकीला अख्खी दुपार लागायची ती चहाला आधण येईस्तोवर तयार. फारच उपकार झाले. यंत्र उत्तम आहे, काळजी नसावी.

बाकी विशेष काही नाही. बोका मजेत आहे. हल्ली माझी मांडी सोडून कंप्युटरपाशीच पसरलेला असतो, त्याला तिथला गरम वारा भारी आवडतो.

पंख्यात अडकलेले केस कशानं काढावेत? सहज विचारते आहे. कंप्युटर पुठ्ठ्यावर आडवा ठेवला तर चालतो का, हेही सहजच. आणि चांगला चालता चालता तो अचानक बंद पडून पुन्हा सुरू होतो, ते तुमच्याकडे नेहमीचंच असेल.

फिल्म निम्मी झाली आहे.

तुझी आत्या


२ एप्रिल

ती. आत्या,

तुझी सहज विचारलेली वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली.

टेबलाच्या कोनाड्यात बसलेल्या आणि झाकण लावलेल्या कॅबिनेटचा गरम वारा मागच्या बाजूनं निघतो. तुझ्या टेबलामागे भिंत आहे. बोका भिंतीत राहत नाही. म्हणजे आतली मुख्य पाटीच तू खोक्याबाहेर काढून जमिनीवर पुठ्ठ्यावर आडवी ठेवली आहेस, कार्ड तिच्या खाचेत उघड्यावर उभं आहे, बोका त्याला टेकून झोपतो आणि त्याचे केस पंख्यात जातात. पंखा अडला की कार्ड तापतं आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. बरोबर की नाही?

मग मी विचार केला, आत्यानं कापलेला कोनाडा चुकेल कसा? तुझा हात चुकत नाही. म्हणून मी माझा आकडा तपासला. आत्या, पाय धरतो. दुकानाच्या पानावर दोन भावंडं आहेत, नावंही जवळपास सारखीच. ३०४ हा धाकटा, दोन पंख्यांचा. तुझ्याकडे आलाय तो थोरला. त्याची लांबी ३३६. रोज संध्याकाळी ते तीन पंखे माझ्या डोळ्यांसमोर गरगर फिरायचे, तरी मी दोन पंखेवाल्याचा आकडा उतरवून तुला पाठवला. कपाळावर हात मारून घेतला.

पण एक विचारू? तू रागावशील. कार्ड तुझ्याच टेबलावर होतं, पट्टी तुझ्या हाताशी असते. कोनाडा कापायच्या आधी नुसतं शेजारी धरून तरी बघायचंस! आणि बसलं नाही म्हणून मला का नाही कळवलंस?

आता उपाय. अख्खा पिंजराच काढून टाक. तो रिवेट मारून बसवलेला असतो, कुलूपवाल्याला ड्रिलनं रिवेट उडवायला सांग. दोन्ही डिस्क वरच्या सीडीच्या कप्प्यात हलव, तो इतकी वर्षं रिकामाच आहे. पुढे मोकळी जागा झाली की कार्ड मावेल, झाकण लागेल, आणि पुढून वारा सरळ आत येईल. एवढं लांब कार्ड टोकाला लोंबतं, त्याला खालून टेकू दे. आणि बोक्याला दुसरी सोय बघायला सांग.

तुझा खटपट्या


९ एप्रिल

चि. खटपट्यास,

सगळं बरोबर ओळखलंस. पुठ्ठासुद्धा. तुझं माप चुकलंय असं कळवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी नवं कॅबिनेट पाठवलं असतंस, म्हणून गप्प बसले. आणि खरं सांगायचं तर मला शरम वाटली. पाहुणा कोनाड्यात शिरेना तेव्हा मी आधी कोनाडा मोजला, मग खोका मोजला, मग पुन्हा कोनाडा. पाहुण्याला मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याचा आकडा लिहिलेला होता ना!

पिंजरा काढला. कुलूपवाल्यानं रिवेट उडवले तेव्हा बोका जो कपाटावर चढला तो संध्याकाळी उतरला. दोन्ही डिस्क सीडीच्या कप्प्यात सुखानं राहतात. पाहुणा आत लांब पाय करून झोपलाय आणि झाकण लागलंय. टेकू म्हणून काय लावलं असेल? माझी सहा इंची त्रिकोणी पट्टी. उभी केली, खाली खोडरबर ठेवला, बरोब्बर बसली. इतकी वर्षं तिला बाजूला ठेवून मी लिहिलेले आकडे आंधळेपणानं मानले, आता तिनं खरोखरचं ओझं उचललंय. खोका पुन्हा कोनाड्यात आहे.

पण तुझ्या पत्रानं माझं एक वेगळंच काम वाढवलं. जवळ असून मोजलं का नाहीस, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वाचनालयाची जागा माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. समितीच्या कागदात रुंदी अठरा मीटर लिहिली आहे, आणि मी महिनाभर त्या अठरावर इमारत उभी करते आहे. जागेवर टेप घेऊन एकदाही गेले नव्हते.

काल गेले. पोचल्यावर लक्षात आलं की लांब टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं. तिथं एक जाड चष्म्याची मुलगी फोटो काढत होती. म्हटलं, बाळ, जरा हे धरतेस का? तिनं धरलं. पुढची बाजू अठरा भरली. मागे गेलो तर सोळा मीटर चाळीस! शेजारच्या पंपाच्या खोलीची भिंत नंतर कधीतरी पुढे सरकली आहे आणि ते कागदाला कुणी कळवलेलं नाही. मुलीचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजी, आमची इमारत मागे साडेसतरा आहे." तेव्हा कळलं की ही त्या मोठ्या कंपनीची! तिचा नकाशा तिनं काढलाय आणि रचना साहेबांची आहे. आम्ही दोघी तिथंच दगडावर बसून हसलो. माझी सतरा, तिची साडेसतरा, आणि दोन्ही इमारतींचे पाय पंपाच्या खोलीत.

तिनं लगेच साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, समितीनं लेखी दिलंय तेच धरायचं, आता बदल नाहीत. मी त्या साहेबांना हसू शकत नाही. तीन आठवड्यांपूर्वी मीही हेच तुला ठणकावून लिहिलं होतं.

घरी आल्यावर मात्र नकाशा पसरून बसले. मागच्या बाजूला माझी पुस्तकांची कोठी आहे, तीच पंपाच्या खोलीत जाते. कोठी अरुंद केली तर पुस्तकं मावत नाहीत. फिल्म जवळजवळ पुरी झालेली. बैठकीला दिवस थोडे. रात्रीचं जेवण तसंच ठेवलं आणि पाहुण्याच्या खोक्याकडे बघत बसले. आणि मग मला दिसलं! पिंजरा काढायचा. पुस्तकं वर न्यायची.

कोठी रद्द. वाचायच्या मोठ्या खोलीला वर चारी बाजूंनी सज्जा, आणि सगळी पुस्तकं त्या सज्ज्यावर. खाली पुढून मागपर्यंत अडथळा नाही, वारा सरळ आरपार. पहिल्यापेक्षा चांगलं झालंय रे. आता फिल्म पुन्हा पहिल्यापासून करायची आहे, पण पाहुणा दमदार आहे.

आणि हो. "रोज संध्याकाळी ते तीन पंखे माझ्या डोळ्यांसमोर गरगर फिरायचे" असं लिहिलंयस. कार्ड पडून होतं ना तुझ्याकडे? पडलेल्या कार्डाचे पंखे फिरतात?

तुझी आत्या


१४ एप्रिल

ती. आत्या,

सापडलो.

पडून नव्हतं. माझ्या मशीनमधून काढून पाठवलं. सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस. रविवारी मित्रांबरोबर खेळायचो, आता जुन्या कार्डावर खेळतो. समोरचा मला मारून, चहा पिऊन परत येतो तेव्हा कुठे तो माझ्या पडद्यावर दिसतो. मित्र खूश आहेत, इतका हमखास हरणारा त्यांना कधी मिळाला नव्हता. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या त्या रिकाम्या चौकटीपुढे माझे रविवार काय चीज आहेत?

सज्ज्याची कल्पना वाचून मी उठून उभा राहिलो. एकच सांगतो. बैठकीत कुणी म्हणालं की लेखी माप वेगळं आहे, तर घाबरून गप्प बसू नकोस. तू मुळात भांडखोर आहेस, पण ऑफिसच्या साहेबांपुढे तुझा आवाज खाली जायचा असं बाबा सांगतात. बाबांना मी काही सांगितलेलं नाही, ते आपणहून म्हणाले. तिथं तुझा आवाज खाली जाऊ देऊ नकोस.

कॅबिनेट बैठकीला नेशील तेव्हा कार्ड आत हलणार नाही असं काहीतरी कोंब. टेकू पडला तर पाहुणा मान टाकेल.

तुझा खटपट्या


२५ एप्रिल

चि. खटपट्यास,

पाहुण्याच्या भोवती माझी लोकरीची शाल कोंबली. कुलूपवाल्यानं खोका भाजीच्या चाकांच्या पिशवीतून नेला. तिथं पोचल्यावर शाल काढायची विसरले असते तर आज तुला वेगळंच पत्र आलं असतं. बोक्याला नेलं नव्हतं, पण शालीतून त्याचे केस आलेच.

समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. कुणी बोलायला लागलं की त्यांचं लक्ष आधी तोंडाच्या आत जातं, त्यामुळे सगळे ओठ मिटून बोलत होते. आधी कंपनीची फिल्म झाली. सुंदर. संगीत होतं, हसरी माणसं होती, एक फुगासुद्धा होता. माझ्या फिल्ममध्ये ना संगीत ना माणूस. नुसतं दार, ऊन, पायऱ्या आणि पुस्तकं.

फिल्म संपल्यावर डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "बाई, तुमची इमारत मागे निमुळती का? आम्ही अठरा मीटर दिलेत."

मी म्हटलं, "मागे सोळा चाळीस आहेत. मी मोजलंय."

"पण आम्ही लेखी दिलंय."

बत्तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही रे. माझा आवाज खाली जायला निघालाच होता. मग तुझं पत्र आठवलं, आणि मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "लेखी मीही धरलं होतं. माझं कार्ड खोक्यात बसेना तेव्हा अक्कल आली. जागा समोरच आहे, चला, मोजू!" कार्ड कसलं, खोका कुठला, कुणालाच कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून सगळे उठले.

मी टेप काढला आणि कुणी काही म्हणायच्या आत ती जाड चष्म्याची मुलगी येऊन दुसरं टोक धरून उभी राहिली. तिचे साहेब बघतच राहिले. डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून, दाढ तपासावी तसा डोळा बारीक करून आकडा वाचला. सोळा चाळीस. पुन्हा ताणायला लावला. सोळा चाळीस. मग साहेबच हसायला लागले. म्हणाले, "आमच्याही नकाशांच्या तळाशी छापलेलं असतं, पट्टी लावून मोजू नये." माणूस मोकळा आहे. मी उगीच मनात त्यांना शिंगं काढली होती.

आत आल्यावर डॉक्टर म्हणाले, तुमची फिल्म पुन्हा दाखवा. या वेळी वाटेत थांबवायला लावली. सज्ज्याखाली एक खिडकी आहे, तिच्यापाशी एक बाक काढलाय, तिथं म्हणाले, "इथं जरा राहू द्या." मी चित्र तसंच ठेवलं. बाकावर ऊन आलेलं. पाहुण्याचे पंखे घुमत होते, तेवढाच आवाज. बराच वेळ झाला तरी ते पुढे चला म्हणेनात. शेवटी म्हणाले, "मी रोज इथं बसणार. माझी जागा राखून ठेवा." त्यावर एक बाई म्हणाल्या, तुम्ही बसलात तर आम्ही तोंड मिटून वाचायचं का? आणि मग सगळेच आपापल्या जागा राखायला लागले. हात वर करून मत घ्यायचं राहूनच गेलं, ते निघताना आठवणीनं घेतलं. सगळे हात वर होते. साहेबांचाही, त्यांना मत नसताना.

बांधकामाचे बारीक नकाशे कंपनी करणार आहे. ते सगळे माझी चष्मेवाली काढणार. तिला मी आधीच सांगितलंय, आकडा माझा असला तरी जाऊन मोजायचं.

आज सकाळी तिनं पहिला कागद आणला. कोपऱ्यातल्या चौकटीत रेखाटनापुढे तिनं आपली आद्याक्षरं लिहिली होती, आणि वरची जागा मोकळी ठेवून पेन माझ्यापुढे धरलं. मी लिहिलं. अख्खं नाव, आद्याक्षरं नाहीत. पहिलंच अक्षर वाकडं आलं. आयुष्यात माझं अक्षर कधी बिघडलं नव्हतं. ती म्हणाली, दुसरा कागद आणू? म्हटलं, नको, आहे तसंच राहू दे. मग ती गेल्यावर मी मनसोक्त रडून घेतलं, आणि आता तुला लिहायला बसले आहे.

दादाला मी स्वतः सांगितलं. भाषण दिलं नाही. नुसतं म्हणाला, टेप धरायला मला बोलवायचंस ना.

कार्ड पोस्टानं परत पाठवणार नाही. पाहुण्याला ज्यानं पाठवलं त्यानंच येऊन न्यायचं असतं. वाचनालयाचं दार उघडेल त्या दिवशी ये, डॉक्टरांच्या शेजारच्या बाकावर तुझी जागा राखली आहे. तोंड मिटून बस. तोवर रविवारी हरत राहा.

रचना : आत्या
रेखाटन : आत्या
तपासणी : बोका (केस सोबत जोडले आहेत)
सूचना : सर्व मापं जागेवर जाऊन घेतली आहेत.